सस्पेन्स खातं

दोनच्या नोटेसाठी तीन हजार एकशे चाळीस.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही,
ह्यांना तर मुळीच नाही.
हे अजून कोथिंबिरीच्या जुडीमागे दोन रुपये सोडत नाहीत.

रात्रीचे दहा एक्केचाळीस.
डहाणूकर कॉलनीत खालच्या पोळीभाजी केंद्राचं शटर
अर्धं खाली आलेलं,
आणि मी ओट्याला टेकून फोनच्या उजेडात
बोली लावतेय
कुणा ‘नाणेवेडा ६३’विरुद्ध.
त्याने पन्नास वाढवले. मी पन्नास.
जुन्या बाजारात सगळं उलटं असायचं,
एकेक रुपया खाली उतरायचं,
मग उठायचं, चार पावलं जायचं,
हाक येईपर्यंत मागे बघायचं नाही.
इथे उठून जायला जागा नाही.
आकडे तेवढे उतरतात: नऊ, आठ, सात.

तीस वर्षं रोखपाल होते, नारायण पेठ शाखेत.
ओला स्पंज, उजवा अंगठा,
शंभराची चळत एका दमात,
मध्ये कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून.
वासावरून कळायच्या नोटा:
मासळीच्या, दुधाच्या,
हिंगाच्या डब्यात नवऱ्यापासून लपवलेल्या.

त्यातच एकदा आली होती ही.
ही नव्हे, हिची बहीण.
उपग्रहाची दोनची, कोरी,
कोपऱ्याला जास्तीचा कागद,
कापताना दुमडून राहिलेला,
उघडला की पंख.
पर्समधली दोनची ठेवून घेता आली असती.
हिशेब जुळला असता,
कुणाचं पैशाचं नुकसान नव्हतं.
शेजवलकर साहेब म्हणाले, सदोष आहे, वर पाठवा.
पाठवली.
रजिस्टरात माझ्या अक्षरात नोंद आहे.

तीन. दोन. एक.
अभिनंदन, म्हणाला फोन,
आणि रंगीत कागदाचे कपटे उडवले त्याने माझ्यावर.

विकणारा बालेश्वरचा, प्रदीप्त बेहरा.
तो मला ओळखत नाही, मी त्याला नाही,
म्हणून मध्ये एक तिसरा.
पैसे त्याच्याकडे द्यायचे,
वस्तू पोचेपर्यंत त्याने धरून ठेवायचे,
मी हो म्हटलं की सोडायचे.
वरच्या मजल्यावरच्या ईशानने मला हे समजावलं
लहान मुलाला समजावतात तसं, दोनदा.
मी ऐकून घेतलं.
अरे, याला आम्ही सस्पेन्स म्हणायचो, हे बोलले नाही.
मालक ठरत नाही ती रक्कम सस्पेन्सला टाकायची,
आणि घरी गेलं तरी
रात्री अंथरुणात ती टोचत राहायची.

ओटीपी ह्यांच्या फोनवर.
हे झोपलेले, चष्मा पोटावर.
उशीपासून ओट्यापर्यंत सहा आकडे
ओंजळीतल्या पाण्यासारखे आणले, न सांडता.
हिरवं वर्तुळ.
एवढे पैसे गेले
आणि अंगठा कोरडा.

सहा दिवस ते माझे नव्हते, बेहरांचे नव्हते.
कुकरच्या शिट्या मोजताना चुकायचे मी.
कुठे असतील? कुणाच्या किल्लीखाली?
आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागायच्या,
त्यातली एक माझ्या कमरेला.

सातव्या दिवशी कुरिअरवाला:
मावशी, लँडमार्क सांगा.
पोळीभाजी केंद्राच्या वर, जिन्यात सायकल आहे,
तिला धक्का लावू नका, ती कुलकर्ण्यांची.

पुठ्ठा, त्यात पुठ्ठा, त्यात प्लास्टिक, त्यात ती.
ट्यूबलाइटकडे धरली. कागदातले सिंह जागेवर.
पंख उघडला, मिटला.
मग सवयीने मोजली.
एक.
पुन्हा मोजली.

फोन विचारत होता,
वस्तू मिळाली? रक्कम सोडायची?
बोट ठेवण्याआधी
नळाखाली अंगठा ओला केला मी.
ओला अंगठा फोनला कळत नाही.
पुन्हा प्रयत्न करा, म्हणाला.

बालेश्वरला कुणीतरी थांबलंय,
त्याची कॅश बंद व्हायची आहे अजून.
पदराला पुसला.